शेवटचा इंच

आमच्या गल्लीत गाडी लावली की मागचं दार वीतभर आणि वर चार बोटं उघडतं. पुढे शेजारच्या वाड्याचा दगडी ओटा येतो. दुसऱ्या बाजूला विजेचा खांब आणि त्याच्या बुडाशी गटार. सोलापूरच्या मंगळवार पेठेत ज्यांनी ही घरं बांधली त्यांनी बैलगाडी जाईल एवढी वाट सोडली होती, आणि त्या काळी ती पुरत होती.

त्या फटीतून माझा मुलगा तिरका होऊन सटकतो. मी पर्स सांभाळत, ओढणी दारात अडकणार नाही हे बघत निघते. आत्यांना ते जमत नाही. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणायची रीत आहे. २०२२ च्या श्रावणात आत्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय सहा-सात महिन्यांत बराचसा परत आला, आता काठी घेऊन चालतात. हात मात्र कोपरात वाकलेलाच राहिला, मुठीतली बोटं डाव्या हाताने एकेक करून सोडवावी लागतात. ज्या हाताने त्यांनी चाळीस वर्षं ज्वारीच्या भाकरी थापल्या, वाळवून त्यांची कडक चवड रचली, तो हा हात.

म्हणून आमची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबते. तिथे दार पूर्ण उघडतं, पण ते वाहत्या रस्त्यात उघडतं. दार पकडून उभी राहायला एक हात लागतो, मागून येणाऱ्या दुचाकीला थांबवायला दुसरा, आणि आत्यांच्या काखेत द्यायला तिसरा. तिसरा हात मला नाही. त्यात ते बिजागरीचं दार आत्यांनी उठताना आधाराला धरलं की तेच हलतं, कधी बाहेर जातं, कधी अंगावर येतं. एकदा त्या दारासकट रस्त्याकडे कलल्या. शेजारच्या पानटपरीवरच्या मुलाने धावत येऊन सावरलं म्हणून निभावलं. त्यानंतर घरापर्यंत साठ पावलं. मे महिन्यात भर दुपारी ही साठ पावलं आत्या कशा चालतात ते मी बघते, आणि आठवड्यातून दोनदा विजापूर रोडला फिजिओथेरपीसाठी जाताना आणि येताना बघते.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. गाडीत बसल्यावर आत्या दार लावायला कुणीतरी येईपर्यंत समोर बघत गप्प बसतात. मी घराला कुलूप घालायला मागे राहिले, वाटेत कुणी भेटलं, बोलणं लांबलं, तरी हाक मारत नाहीत. दार सताड उघडं, शेजारून रिक्षा जातायत, आणि त्या मांडीवर पिशवी धरून बसलेल्या. "हाक मारायची ना हो," मी एकदा जरा तोडूनच म्हणाले. त्या म्हणाल्या, "किती वेळा मारू गं."

ते वाक्य माझ्या मनात होतं, तेव्हाच गड्डा आला. सिद्धेश्वरांच्या यात्रेला सोलापुरात सगळे गड्डाच म्हणतात. संक्रांतीला नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, आणि बाहेरगावी गेलेला माणूस त्या दोन-तीन दिवसांसाठी गावाला येतो. नणंदेचा मुलगा पुण्याहून आला, बायको-मुलांना घेऊन, मोठी सात जणांची गाडी घेऊन. यात्रेच्या गर्दीत आत्यांना नेणं शक्यच नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी अक्कलकोटला जायचं ठरलं. चाळीसेक किलोमीटर, सकाळी निघून दुपारी घरी.

गाडी गल्लीत येण्याचा प्रश्नच नव्हता, ती तोंडाशीच उभी होती. आम्ही आत्यांना हळूहळू नेत असताना भाच्याने वीस पावलांवरून किल्लीवरचं बटण दाबलं. मागचं दार आधी जरासं बाहेर आलं आणि मग गाडीच्या अंगाला चिकटून सावकाश मागे सरकत गेलं. दोन दुचाकी त्याच वेळी शेजारून गेल्या, त्यांना हँडलसुद्धा वळवावं लागलं नाही. समोर कपाटाएवढी मोकळी जागा. मी आत्यांच्या बाजूला उभी राहू शकले. आमच्या गाडीत मला दाराच्या पलीकडे उभं राहून हात लांबवावा लागतो.

त्या डावीकडच्या आसनावर बसल्या. समोरच्या खांबावर, त्यांच्या डाव्या हाताशी, एक बटण होतं. भाचा म्हणाला, "आज्जी, ते दाबा."

आत्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग अंगठ्याने दाबलं. दार निघालं, पुढे आलं, अगदी शेवटी क्षणभर थबकलं आणि कुणीतरी आतून ओढून घ्यावं तसं चौकटीत बसलं. आवाज जवळजवळ आलाच नाही. आत्यांनी पुन्हा दाबलं. दार उघडलं. पुन्हा दाबलं, लागलं. रस्त्यावर तिळगूळ विकणारी बाई हातातलं काम टाकून बघत होती. "मीच लावलं," आत्या म्हणाल्या. भाच्याची पाच वर्षांची मुलगी म्हणाली, "आता मी," तर तिला म्हणाल्या, "थांब, अक्कलकोटला तू."

मला खरं सांगायला हवं. बटणावर सरकणारं दार मी आधी जाहिरातीत बघितलं होतं आणि माझं मत ठरलेलं होतं की धडधाकट माणसाला दार ओढता येत नाही काय, हा पैशांचा थाट आहे. त्या सकाळी माझ्या डोळ्यांसमोर ते मत बदललं. दोन वर्षांत आत्यांनी गाडीचं दार स्वतः लावल्याचं मी पहिल्यांदा बघत होते.

गड्डा संपला, भाचा गेला, आणि मी या दाराच्या मागे लागले. मिळेल ते वाचलं, ओळखीच्या मिस्त्रीला पिडलं. त्यातून एक गोष्ट आधी मनात पक्की झाली. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दार सरकणं आणि दाराला मोटर असणं, आणि लोक या दोन्ही एकत्र तोलतात. सरकणारं दार आमच्या घराला नवीन नव्हतंच. आमच्याकडे ते एकवीस वर्षं होतं.

मामांची ओम्नी १९९६ सालची. चादरी आणि टॉवेलचा त्यांचा छोटा व्यापार होता. पूर्व भागातल्या मागावाल्यांकडून माल उचलायचा, चाटी गल्लीत आणायचा, बाहेरगावच्या गिऱ्हाइकांचा एस.टी. नाहीतर ट्रान्सपोर्टला टाकायचा. सोलापुरी चादरीचा गठ्ठा हा काही हातात धरून नेण्याचा प्रकार नाही. तो खांद्यावर येतो आणि खांद्यावरूनच आत पडतो, त्यासाठी समोर मोठं भोक लागतं. ओम्नीचं दार गल्लीतसुद्धा पूर्ण उघडायचं, ओट्याला खेटून. मामा डाव्या हाताने मूठ दाबायचे, जराशी वर उचलल्यासारखी करायचे आणि शरीराचं वजन मागे टाकायचे. घर्रर्र असा एक लांब आवाज. लावताना उलट, आणि शेवटी धाड. त्या धाडीवरून गल्लीला कळायचं की मामा आले, आणि आत्या आत चहाचं आधण ठेवायच्या. दर रविवारी ते दाराखालचा चॅनल जुन्या टूथब्रशने साफ करत. त्यात चादरीचा धुरळा, शेंगांची टरफलं, मुरूम, एकदा तर माझ्या कानातली फिरकीसुद्धा सापडली.

ओम्नीची मापं मी नंतर काढून बघितली. लांबी ३ मीटर ३७ सेंटिमीटर, रुंदी १ मीटर ४१. ही गाडी १९८४ मध्ये मारुती व्हॅन या नावाने आली, १९८८ मध्ये तिला ओम्नी म्हणू लागले. मूळ सुझुकीची कॅरी, जपानमध्ये तिथल्या सगळ्यात छोट्या वर्गासाठी बनलेली गाडी. तिथल्या कायद्यात या वर्गाला केई म्हणतात आणि त्याच्या मापांना मर्यादा आहे: आज लांबी ३ मीटर ४० सेंटिमीटरपर्यंत, रुंदी १ मीटर ४८ पर्यंत, इंजिन ६६० सीसीपर्यंत. कर कमी, आणि जुन्या वस्त्यांच्या अरुंद रस्त्यांत मावणारी. म्हणजे मंगळवार पेठेला साजेशी गाडी दुसऱ्या देशातल्या मंगळवार पेठेसाठी कुणीतरी आधीच आखून ठेवली होती.

आपल्याकडे मात्र सरकत्या दाराची पत घसरत गेली. ओम्नी शाळेची झाली, रुग्णवाहिका झाली, दूध आणि ब्रेड पोचवणारी झाली. हिंदी सिनेमात कुणाला पळवायचं असलं की तिचंच दार धाडकन उघडायचं. ज्याच्या हातात चार पैसे आले त्याला चार बिजागऱ्यांची गाडी हवी झाली. २००५ मध्ये इनोव्हा आली, तिने मोठ्या कुटुंबाच्या गाडीचं चित्र कायमचं पक्कं केलं, आणि त्या चित्रात दार बाहेर उघडत होतं. २०१९ मध्ये, अपघात सुरक्षेचे नवे नियम येत असताना, ओम्नीचं उत्पादन थांबलं. आमची त्याआधीच, मामा गेल्यावर, २०१७ मध्ये विकली होती. पुढच्या वर्षी आम्ही चार बिजागऱ्यांची हॅचबॅक घेतली. ती घेताना आम्ही मायलेज बघितलं, डिकी बघितली, रंगावर दोन दिवस वाद घातला. गल्लीत दार किती उघडेल हे मोजायला कुणी टेप घेऊन गेलं नाही. आत्या त्या वेळी धडधाकट होत्या.

जपानमध्ये याच्या उलट झालं. तिथे सरकतं दार गरिबीची खूण ठरलं नाही. आज तिथे वर्षानुवर्षं सर्वाधिक खपणाऱ्या गाड्यांत होंडाची एन-बॉक्स आहे. ती केई वर्गातली, साडेतीन मीटरहूनही छोटी, आणि तिच्या मागच्या दोन्ही बाजूंना सरकती दारं आहेत. सुझुकीची स्पासिया, दाइहात्सूची टँटो याही तशाच. या छोट्या गाड्यांत बटणावर सरकणारं दार मिळतं. मूल कडेवर घेतलेली आई, काठी घेतलेले आजोबा, पावसात छत्री धरलेला कुणीही, यांच्यासाठी. एन-बॉक्सची रुंदी १ मीटर ४७.५ सेंटिमीटर. आपल्याकडे मिळणाऱ्या मारुती ईकोची रुंदीही तेवढीच आहे. हे आकडे शेजारी शेजारी लिहिले तेव्हा मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले.

कारण आपल्याकडे बटणाचं दार कुणाला मिळतं? किया कार्निवल २०२० मध्ये आली तेव्हा तिची सुरुवातच जवळजवळ २५ लाखांपासून होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये नवी आली ती ६३ लाख ९० हजारांना, शोरूमच्या दारातली किंमत. टोयोटाची वेलफायर २०२० मध्ये ७९ लाख ५० हजारांना आली, २०२३ ची नवी एक कोटीच्या पुढे. या गाड्यांची रुंदी १ मीटर ८५ पासून जवळजवळ दोन मीटरपर्यंत. म्हणजे जिथे या दाराची खरी गरज आहे त्या गल्लीत हे दार असलेली गाडी शिरतच नाही. भाच्याची गाडीसुद्धा तोंडाशीच उभी राहिली होती आणि साठ पावलं आत्यांना त्याही दिवशी चालावी लागली होती. याबद्दल मला मनापासून राग येतो. ही मोटर, ती केबल, ते बटण, यात असं काही नाही जे फक्त पन्नास लाखांच्या वर बसवता येतं. ज्या कंपन्या आपल्याकडे लाखो छोट्या गाड्या विकतात त्यांच्याच जपानमधल्या छोट्या गाड्यांत ते आहे.

आता मोटरचं. मिस्त्रीने मला समजावलं ते असं. सरकतं दार तीन ठिकाणी पेललेलं असतं: वर एक चॅनल, खाली एक, आणि मध्ये गाडीच्या बाहेरच्या पत्र्यात ती लांब खाच दिसते तो तिसरा. तिन्हींत रोलर. बटणाच्या दारात एक मोटर ढोलावर केबल गुंडाळते आणि त्या केबलने दार ओढलं जातं. विहिरीवरच्या रहाटासारखंच, फक्त आडवं. दाराच्या कडेला दाब ओळखणारी पट्टी असते. मध्ये काही आलं, किंवा मोटरला नेहमीपेक्षा जास्त जोर लागायला लागला, की दार उलटं फिरतं. गाडी चालू असताना बटण दाबून ते उघडत नाही. आणि शेवटी, दार चौकटीला टेकल्यावर, कुलपाच्या जागी बसवलेली एक वेगळी छोटी मोटर त्याला आत खेचून घट्ट बसवते. अक्कलकोटच्या दिवशी दार थबकलं आणि मग आत ओढलं गेलं, ते या छोट्या मोटरचं काम.

हे सगळं ऐकून मला लगेच मुलाचं बोट आठवलं. तो दुसरीत असताना शाळेच्या व्हॅनच्या सरकत्या दारात त्याचं बोट सापडलं. दुसऱ्या पोराने आपलं दप्तर आत घेऊन दार जोरात लोटलं होतं. नख काळंनिळं होऊन गळून पडलं. दाब ओळखणारी पट्टी तिथे असती तर दार परत फिरलं असतं. पण पट्टी असली म्हणजे निर्धास्त व्हावं असंही नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत कार्निवलच्या ५१ हजारांहून जास्त गाड्या याच कारणाने परत बोलावल्या गेल्या. दार बंद होताना लोकांना इजा झाल्या होत्या. उपाय म्हणून सॉफ्टवेअर बदलून इशाऱ्याचा आवाज दिला आणि शेवटी शेवटी दाराचा वेग कमी केला. त्याआधी २०१६ मध्ये टोयोटाने सिएना या व्हॅनच्या आठ लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या. दार कुठे अडकलं आणि मोटरवर जास्त भार आला तर फ्यूज उडायचा, आणि कुलूप नेमकं सुटलेल्या स्थितीत असेल तर चालत्या गाडीत दार उघडण्याची शक्यता होती. दोष सापडला, जाहीर झाला, दुरुस्त झाला, हे चांगलंच. तरी एक गोष्ट त्यातून कळते. हाताला लगेच जाणवतं की दार कशाला तरी अडलंय. मोटरला ते शिकवावं लागतं.

आमच्या त्या सहलीतही परतताना एक प्रसंग झाला. आत्यांच्या पातळाचा काठ बाहेर लोंबत होता आणि दार त्यावरच बंद झालं. पट्टीला कापड कळलं नाही. पातळ कापड कळणारही नाही. गाडी निघायच्या आधी मी आरशात तो हिरवा काठ बघितला. साडी, ओढणी, धोतर नेसणाऱ्यांच्या देशात हे दार आणायचं तर ही गोष्ट आधी सांगायला हवी. बसणाऱ्याने पदर मांडीवर घ्यावा आणि बटण मग दाबावं. आत्या आता कुठल्याही गाडीत बसल्या की आधी पदर ओढून घेतात.

धूळ ही आपली दुसरी अडचण. सोलापूरचा उन्हाळा रबर वाळवतो आणि वारा चॅनल भरतो. हाताच्या दारात खडा अडकला तर दार घर्र करतं, आपण जास्त जोर लावतो. मोटरच्या दारात तोच खडा केबलवर ताण आणतो. केबलचे धागे सुटले की दार अर्ध्यावर थांबतं. मग मोटर बंद करून हाताने ओढायचं, आणि ते दार साध्या दारापेक्षा जड, कारण आत मोटर आणि केबलचा बोजा. मिस्त्री म्हणाला, "ताई, गाडी माझ्याकडे आली तर पार्ट पुण्याहून येईपर्यंत दार दोरीने बांधून देतो." त्याने ते अगदी सरळपणे सांगितलं आणि मला ते पटलं. तुळजापूरच्या घाटात चढावर थांबल्यावर साधं सरकतं दार लावताना आत्यांचीच काय माझीही दमछाक व्हायची, कारण दाराला आपल्या वजनाने मागे जायचं असतं. तिथे मोटर खरी उपयोगी. पण घाटात आपण किती वेळा थांबतो?

आणखी एक गोष्ट, जी मला कुठे वाचायला मिळाली नाही, आत्यांनी सांगितली. बिजागरीचं दार हलतं हे खरं, तरी ते धरायला असतं. सरकतं दार पार निघून जातं. उठताना धरायचं काय? भाच्याच्या गाडीत खांबावर आतून मूठ होती म्हणून जमलं. वयस्कर माणसासाठी गाडी बघताना मोटर आहे का हे विचारण्याआधी खांबावर मूठ आहे का आणि पायरी किती उंच आहे हे बघावं, असं माझं मत झालंय. लोक दाराचा व्हिडिओ काढतात, मुठीचा कुणी काढत नाही.

मग बटणाचं दार घेण्यासारखं आहे का? माझं उत्तर माणसागणिक बदलतं, आणि ते मी मोकळेपणी सांगते. दोन्ही हात आणि दोन्ही पाय साथ देतात, गाडी रुंद आवारात लागते, अशा घराने त्यासाठी लाखभर जास्त मोजू नयेत. लहान जुळी मुलं आहेत, हात कायम भरलेले आहेत, तर मोजावेत. आणि घरात असं कुणी असेल ज्याला दार लावायला रोज दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं, तर मी म्हणेन, परवडत असेल तर बाकी सगळं सोडा, सनरूफ सोडा, मोठा पडदा सोडा, हे घ्या.

आम्हाला परवडत नव्हतं. आम्ही हॅचबॅक विकली आणि सेकंडहँड, साध्या सरकत्या दारांची एक व्हॅन घेतली. या वेळी टेप घेऊन गेले होते. नवरा म्हणाला, लोक म्हणतील दुधाची गाडी घेतली. मी म्हणाले, म्हणू देत. ज्या दिवशी ती घरी आली त्या दिवशी मी तिला थेट गल्लीत घातलं, ओट्यापासून हातभर अंतरावर उभी केली आणि दार ओढलं. घर्रर्र. पूर्ण उघडलं. समोरच्या काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मामांची गाडी आल्यागत वाटलं गं." साठ पावलांची बारा झाली.

मिस्त्रीने खांबावर आतून एक जाड मूठ बसवून दिली आणि खाली एक पायरी. दार उघडं असताना त्याची आतली कडी आत्यांच्या पाठीमागे राहते, तिथवर त्यांचा हात वळत नाही. त्यावर उपाय आत्यांनीच काढला. घरात जुन्या बाजेची नवार पडून होती. त्यांनी डाव्या हाताने आणि दातांनी धरून, माझ्याकडून टाके घालून घेऊन, तिचा हातभर लांब पट्टा केला. एक टोक दाराच्या कडीला, दुसरं पुढच्या आसनामागच्या हुकाला. बसल्या की पट्टा डाव्या हाताला दोनदा गुंडाळतात आणि पुढे ओढतात. अंगाचं वजन टाकतात, अगदी मामा टाकायचे तसं, फक्त उलट्या दिशेला. दार येतं.

येतं, आणि चौकटीपाशी थांबतं. शेवटचा इंच राहतो. कुलूप घट्ट बसायला एक झटका लागतो आणि तो झटका पट्ट्यातून जात नाही. मी मिस्त्रीला विचारलं की ती शेवटची छोटी मोटर तेवढी बसवता येईल का, मोठी नको. जपानमध्ये अशीही दारं असतात, हाताने सरकवायची आणि शेवटचा भाग आपोआप खेचला जाणारी. बटणाच्या दारापेक्षा स्वस्त, बिघडायला कमी भाग. तो बराच वेळ कुलपाकडे बघत बसला, मोबाइलवर फोटो काढून घेतले, म्हणाला, "बघतो की." आता तीन महिने झाले. मधून मधून फोन करून मापं विचारतो. आपल्याकडच्या एखाद्या व्हॅनमध्ये कारखान्यातूनच हा भाग आला, नुसता हा एवढाच, तर मी रांगेत पहिली उभी राहीन.

काल फिजिओथेरपीला निघालो. मी आत्यांना बसवलं आणि घराला कुलूप घालायला वळले. मागे घर्रर्र ऐकू आलं. आले तर दार लागलेलं, एक इंच सोडून. फटीतून नवारीची पांढरी पट्टी दिसत होती, आणि आतून आवाज आला, "ये गं, ढकल."

मी तळहात टेकवला आणि ढकललं. धाड. समोरच्या काकूंनी खिडकीतून डोकावून बघितलं.